खिडकीवालीचे दहा सेकंद

मास्तरांना पाच पोरं होती, आणि पाचही खोटी.

भुवया उंचावू नका. मास्तरांचं लग्न रीतसर झालेलं होतं, बायको धडधाकट होती, पण मूलबाळ काही झालं नाही. ही पाच पोरं पडद्यावरची. शिक्षक घडवणाऱ्या एका संस्थेत तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती आणि तिच्या एका भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत पडदा होता. पडद्यावर एक वर्ग दिसायचा. पाच बाकं, पाच मुलं, एक खिडकी. समोर उभं राहून शिकाऊ शिक्षकाने दहा मिनिटं धडा घ्यायचा. मुलं ऐकायची, चुळबुळ करायची, उलट बोलायची, मध्येच भोकाड पसरायची. खऱ्या पोरांपुढे जाण्याआधी या खोट्या पोरांपुढे घोळ घालून घ्या, म्हणजे कुणाचं काही बिघडणार नाही, असा त्यामागचा विचार. सिम्युलेशन म्हणायचे त्याला.

शिकाऊ मंडळींना वाटायचं, हे सगळं मशीन करतं. मशीन कसलं करतंय, कपाळ! मशीन नुसते ओठ हलवायचं. बोलायचे ते मास्तर. पडद्यामागे कपाटाएवढी खोली होती, बसलं की गुडघे भिंतीला टेकायचे. खुर्चीच्या गादीतून स्पंज बाहेर आलेला. समोर मायक्रोफोन, वर्गातलं सगळं दाखवणारा एक छोटा टीव्ही, आणि पायाशी पाच पेडलं. जे पेडल दाबाल ते पोर बोलणार. मान हलवायची, हात वर करायचा, डोळे पुसायचे, यासाठी हाताशी बटणं. मास्तरांनी बाहेर कुणाला दिसायचं नाही, शिकाऊ लोकांशी बोलायचं नाही, हा नियम. आठ वर्षं मास्तर त्या भोकात बसून रोज चौदा धडे ऐकत होते आणि पाच तोंडांनी बोलत होते.

पहिला वटवट्या. शेजाऱ्याशी अखंड बडबड. दुसरा मीसांगू. शिक्षकाचा प्रश्न पुरा व्हायच्या आत याचा हात वर आणि तोंड सुरू, "बाई, मी सांगू? मी सांगू?" तिसरी रडूबाई. चौथा फटकळ, त्याच्या एका उत्तरासरशी भल्याभल्यांचा घाम निघायचा. मास्तरांना हे आवाज इतके अंगवळणी पडले होते, की घरीसुद्धा कधी निसटायचे. बायको शिवणाच्या मशीनवर वाकलेली असायची आणि मागून मीसांगू किंचाळायचा, "बाई, मी सांगू? चहा!"

"पाच पोरं आहेत म्हणे," बायको दोरा तोडत म्हणायची, "आणि एक उठून स्वतःचं ताट धुवेल तर शपथ." पण हसायची. त्या घरात दुसरं हसण्यासारखं फारसं नव्हतं.

पाचवी खिडकीवाली.

मूळ प्रोग्रॅममध्ये ती नव्हतीच. पाचवा बाक रिकामा होता. मास्तरांनी संस्थेच्या विनवण्या करून तिथे एक मुलगी बसवून घेतली. दोन वेण्या, मान खाली, बोटाने खोडरबराचा भुगा गोळा करून त्याचा छोटासा ढीग करत बसणारी. तिचा स्वभाव मास्तरांनीच ठरवला, आणि तिचा नियमही. ती आपणहून कधी बोलणार नाही. शिक्षकाने तिच्या बाकापाशी जायचं, तिला काहीतरी विचारायचं आणि दहा सेकंद थांबायचं. दुसरं काही नाही, नुसतं थांबायचं. मग ती बोलेल.

दहा सेकंद म्हणजे काय हो? पण पुढच्या चाळीस खऱ्या पोरांचं दडपण डोक्यावर घेऊन आलेल्या माणसाला विचारा. तिसऱ्या सेकंदाला तो घड्याळाकडे बघतो. तो म्हणतो, "बरं, बस बाळा," आणि मीसांगूकडे वळतो. आठ वर्षांत हजारो लोक त्या पडद्यासमोर उभे राहिले. खिडकीवाली अकरा वेळा बोलली. अकरा!

गुण देणाऱ्या परीक्षक बाईंना मास्तरांनी एकदा म्हटलं होतं, की त्या मुलीपाशी थांबल्याचेही गुण ठेवा. बाई वाईट नव्हत्या, घाईत होत्या. म्हणाल्या, "कल्पना छान आहे मास्तर, पण तक्त्यात तो रकानाच नाही."

एवढं त्या मुलीसाठी का, तेही सांगतो. मास्तर पूर्वी खरे मास्तर होते. एकोणीस वर्षं शाळेत शिकवलं. तेव्हा त्यांच्या वर्गात अशीच एक होती, तिसऱ्या ओळीत, खिडकीजवळ. कधी त्रास नाही, कधी शंका नाही. अशी मुलं शिक्षकाला बरी वाटतात, आपण त्यांना विसरून जाऊ शकतो. एक दिवस शाळा सुटल्यावर ती मास्तरांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. मास्तर वह्या तपासत होते, एकोणतीस झाल्या होत्या, अकरा उरल्या होत्या. ती म्हणाली, "सर, एक सांगायचंय." मास्तर मान वर न करता म्हणाले, "उद्या सांग."

ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही नाही. घराला कुलूप होतं, शेजारी काहीबाही सांगत होते, एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. ती कुठे गेली, तिचं काय झालं, कुणालाच कधी कळलं नाही. मास्तरांनी वर्षभर शोध घेतला, मग शाळा सोडली. ती काय सांगणार होती, हा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला. पडद्यावरची खिडकीवाली ज्या अकरा वेळा बोलली, त्या प्रत्येक वेळी मास्तरांनी तिच्या तोंडी वेगळं वाक्य घातलं. एकदा, "मला घरी नाही जायचं." एकदा, "माझी चप्पल तुटलीय." एकदा नुसतंच, "मला हे गणित आवडलं." म्हातारा अंदाज करत होता, दुसरं काय. आणि एकही अंदाज बरोबर आहे की चूक, हे सांगायला कुणी नव्हतं.

घसा आधी खवखवला, मग बसला. मास्तरांनी आल्याच्या गोळ्या चघळत दोन महिने काढले. रडूबाईचा वरचा सूर लागेनासा झाला तेव्हा बायकोने हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढून बसले. डॉक्टर खुर्ची पुढे ओढतो तेव्हा बातमी चांगली नसते. गाठ होती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. सहा आठवडे होते हातात.

"जीव वाचेल ना?" बायकोने विचारलं.

"वाचेल."

"मग झालं," बायको म्हणाली आणि बाहेर येऊन जिन्यात बसून रडली.

मास्तर रडले नाहीत. त्यांच्या डोक्यात भलतंच होतं.

संस्थेने ती बातमी फार समजूतदारपणे घेतली, म्हणजे आठ दिवसांत पर्याय काढला. मशीनवाला, म्हणजे तो पडदा नि कॉम्प्युटर सांभाळणारा गृहस्थ, लॅपटॉप घेऊन मास्तरांच्या भोकात आला. "मास्तर, आठ वर्षांचं रेकॉर्डिंग पडलंय आपल्याकडे. त्यावरून मशीन तुमचे आवाज शिकेल. पुढे ही पोरं स्वतःच ऐकतील, स्वतःच बोलतील. तुम्ही नसलात तरी तुमचाच आवाज!" त्याला वाटलं, मास्तरांना आनंद होईल.

"पाचही?" मास्तरांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"चारांचा साठा रग्गड आहे. ती खिडकीवाली..." मशीनवाल्याने डोकं खाजवलं. "तिचं सगळं मिळून दीड मिनिट भरतंय. दीड मिनिटात मशीन काय शिकणार? तुम्ही असं करा, बसा इथे आणि तिच्या आवाजात तासभर काहीतरी वाचून टाका."

मास्तर बसले. पाचवं पेडल दाबलं, समोर पुस्तक धरलं आणि वाचू लागले. निघाला तो रडूबाईचा आवाज. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या मुलीचा आवाज कुणी विचारल्याशिवाय निघायचाच नाही. समोर कुणीतरी थांबलेलं असायचं, सेकंद सरकायचे, छाती भरून यायची आणि मग तो यायचा, बारीक, जरासा खरखरीत. पुस्तक वाचून तो कुठून येणार? मशीनवाल्याने घड्याळ पाहिलं. "राहू द्या मास्तर. ती तशीही कुठे बोलते?"

तर हे असं होतं. मास्तरांना सहा आठवड्यांत एकच गोष्ट हवी होती. गळा असेपर्यंत कुणीतरी, एखाद्या तरी माणसाने, त्या बाकापाशी थांबावं. ती आणखी एकदा बोलावी. रोज चौदा धडे, मास्तर जिवाचे कान करून बसायचे, पाय पाचव्या पेडलावर तयार. पावलं बाकापाशी यायची. "तुला समजलं का गं?" एक, दोन, तीन. "छान. बस." पावलं निघून जायची. मास्तर दात आवळून वटवट्याचं पेडल दाबायचे.

शेवटच्या आठवड्यात मास्तरांनी जे केलं ते त्यांना शोभणारं नव्हतं, पण माणूस होते बिचारे. एक तरतरीत शिकाऊ तरुण धडा घेत होता. तो फळ्याकडे वळला आणि मास्तरांनी कुणी काही विचारलेलं नसताना पाचवं पेडल दाबलं.

"सर," खिडकीवाली म्हणाली. आवाज आला! अगदी तोच. "सर, मला काहीतरी सांगायचंय."

तरुण गर्रकन वळला. शिस्तीचा धडा त्याने कालच घोकला होता. "हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही," तो शांतपणे, ठामपणे म्हणाला. "धडा संपल्यावर सांग." आणि पुन्हा फळ्याकडे वळला.

धडा संपला, पडदा विझला, तो निघून गेला. वर्गनियंत्रणात त्याला पैकीच्या पैकी मिळाले. मास्तरांना त्या तरुणाचा राग आला नाही. कसा येणार? तो अगदी त्यांच्यासारखाच बोलला होता.

ऑपरेशन नीट पार पडलं. मास्तरांच्या गळ्यात एक भोक राहिलं, त्यावर जाळीदार रुमाल. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं, पण त्यातून मिक्सर लावल्यासारखा आवाज यायचा. बायको म्हणाली, "चटणी वाटल्यासारखं वाटतंय हो." ते यंत्र फडताळात गेलं आणि मास्तर पाटी बाळगू लागले. लहान मुलांची असते तशी, लाकडी चौकटीची.

संस्थेने त्यांना काढलं नाही. चार पोरं मशीन चालवत होतं, पण खिडकीवाली मशीनला येत नव्हती, आणि बाक रिकामा ठेवला तर चित्र बरं दिसत नव्हतं. तेव्हा मास्तरांनी बसावं, तिची मान हलवावी, डोळे मिटावेत, रबराचा भुगा गोळा करावा. मास्तर भोकात बसून आपलेच चार आवाज भिंतीपलीकडून ऐकायचे. वटवट्या त्यांच्या आवाजात बडबडायचा, फटकळ त्यांच्या आवाजात उलटून बोलायचा. फार विचित्र वाटायचं. आपण मेलोय आणि घरात अजून आपलंच बोलणं चालू आहे, असं.

तीन महिन्यांनी एक बाई आली. चाळिशीच्या पुढची, रुंद हाडाची, पायांत मऊ तळाचे बूट. पंधरा वर्षं इस्पितळात परिचारिका होती, आता पाठ साथ देईना म्हणून शिक्षिका व्हायला निघाली होती. धडा घेताना दोनदा अडखळली, खडू पाडला. मीसांगू ओरडत होता तरी तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती चालत खिडकीपाशी गेली आणि पडद्यासमोर चक्क उकिडवी बसली.

"काय गं," तिने विचारलं, "काय करतेस?"

आणि थांबली.

पडद्यामागे मास्तर ताडकन ताठ झाले. एक, दोन, तीन. परिचारिका हलली नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याला बोल फुटायची वाट पाहण्याची सवय होती तिला. सहा. सात. मीसांगू मास्तरांच्या आवाजात किंचाळत होता. नऊ. दहा. छाती भरून आली, अगदी पूर्वीसारखी. पाय पेडलावर गेला, तोंड उघडलं आणि गळ्यातल्या भोकातून नुसती हवा निघाली, रुमाल फडफडला. मास्तरांनी पुन्हा जोर केला. पुन्हा हवा.

शेवटी त्यांनी बटण दाबलं. खिडकीवालीने मान वर केली.

"हं, सांग," परिचारिका म्हणाली. पंधरा. वीस. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात नुसता मान हलवायचं बटण दाबत होता. पंचविसाव्या सेकंदाला घंटा झाली. वेळ संपली.

परीक्षक बाईंचं बोलणं त्यांना टीव्हीवर ऐकू आलं. "प्रतिसाद न देणाऱ्या मुलापाशी अडकून पडायचं नाही. तोवर बाकीचा वर्ग हातचा जातो. यात तुम्ही नापास आहात, पण काळजी करू नका, उद्या पुन्हा संधी देऊ."

मास्तरांनी आठ वर्षांत मोडला नव्हता तो नियम मोडला. पाटी घेऊन बाहेर आले. परिचारिका जिन्यापाशी पर्स शोधत उभी होती. मास्तरांनी तिच्यापुढे पाटी धरली. लिहिलं होतं, "ती बोलणार होती."

तिने पाटी वाचली, गळ्यावरचा रुमाल पाहिला आणि क्षणात सगळं ओळखलं. असे गळे तिने पुष्कळ धुतले होते. "तुम्ही बोलायचात होय काका तिच्यासाठी?" मास्तरांनी मान हलवली. "काय म्हणणार होती ती?"

मास्तरांनी पाटी पुसली. खडू टेकवला. आणि खडू तिथेच राहिला. काय लिहिणार? दहा वर्षं होत आली, त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना धाप लागली, गळ्याशी शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

परिचारिकेने मायेने त्यांच्या दंडावर हात ठेवला. "नका त्रास करून घेऊ, काका. शांत व्हा. उद्या सांगा." आणि ती जिना उतरून गेली.

संध्याकाळी मास्तर बायकोच्या शिवणाच्या मशीनपाशी येऊन बसले. पाटीवर लिहून लिहून त्यांनी सगळं सांगितलं, तीन वेळा पाटी भरली. मग फोन पुढे केला. सोबत पाटीवर, "तू बोल, मी यात भरून घेतो."

"मी? अहो, माझा हा भसाडा आवाज!" बायको म्हणाली. पण नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून तिने चष्मा काढून ठेवला. "बरं. काय म्हणू?"

मास्तरांनी भरलेली पाटी पुसली. मग लिहिलं, "बाई, आत्ता सांगू का?"

"एवढंच?"

एवढंच. पुढचं त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत असल्याचं सोंग आता त्यांना करवत नव्हतं. बायकोने सात वेळा म्हणून पाहिलं. दोनदा हसू आलं, एकदा शब्द चुकला. सातव्या वेळी ते बरं जमलं. अगदी तो आवाज नव्हे, पण कुणाचा तरी होता.

दुसऱ्या दिवशी पहिलाच धडा परिचारिकेचा. मास्तर फोन मायक्रोफोनला लावून, अंगठा बटणावर ठेवून बसले. पावलं आली. मऊ बुटांची, ओळखीची. खिडकीपाशी थांबली.

"तुला समजलं का गं?"

एक. दोन. तीन.

"छान. बस हं बाळा," परिचारिका म्हणाली आणि मीसांगूकडे वळली.

हुशार बाई. सांगितलेलं एका दिवसात शिकली. उरलेल्या वेळात तिने सगळा वर्ग मुठीत ठेवला, एकदाही अडखळली नाही. परीक्षक बाईंनी तिचं मनापासून कौतुक केलं. जाताना तिने पडद्यामागच्या दारावर टकटक केलं, आत डोकावली, चेहरा फुललेला. "पास झाले बरं का काका! शाळासुद्धा मिळाली, सोमवारपासून." कालची पाटी तिच्या लक्षातही नव्हती. मास्तरांनी मान हलवली. ती खूश होऊन गेली.

पलीकडची खोली रिकामी झाली. पडदा अजून चालू होता, पाचही पोरं बाकांवर पाय हलवत बसली होती. मास्तरांनी पाचवं पेडल दाबलं आणि अंगठा फोनवर टेकवला.

"बाई, आत्ता सांगू का?" रिकाम्या वर्गात खिडकीवाली म्हणाली.

मशीनने ते ऐकलं. मीसांगूचा हात वर गेला आणि मास्तरांचाच आवाज, खणखणीत, भिंतीपलीकडून येऊ लागला, "बाई, मी सांगू? मी सांगू? मी सांगू?"